खालच्या खोलीतले मासे

दिवसभर मासे रांधायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मासे पाळायचे, यावरून खानावळीत माझी भरपूर चेष्टा झाली आहे. आमच्याकडं मासे साफ करायला एक मावशी येतात. विळी पायाखाली धरून बसल्या की ढीग संपेपर्यंत उठत नाहीत. मी सकाळी आलो की त्यांचं ठरलेलं असायचं, "काय रे घाट्या, पोरं जेवली काय तुझी?"

"जेवली, मावशी. चिमूटभर."

"आणि ह्या पोराला काय देतोस?" हातातला बांगडा शेपटीला धरून त्या माझ्यापुढं नाचवायच्या.

"त्याला तिखट-मीठ."

सगळे हसायचे. मला ते हसणं आवडायचं. कुणी आपली चेष्टा करतंय म्हणजे आपण इथले झालो, असं माझं साधं गणित होतं. तीच चूक मी पुढं घरीही केली, पण ते नंतर सांगतो.

माझं गाव हिंगोलीकडं. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच जायचा थांबलो, आणि का येत नाहीस म्हणून विचारायला कुणी आलं नाही. ओळखीच्या एकाबरोबर आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला रत्नागिरीला आलो. हंगाम संपला, बरोबरचे परत गेले, मला खानावळीत भांडी घासायचं काम मिळालं म्हणून मी राहिलो. भांड्यांवरून भाजी चिरण्यावर, तिथून शेगडीवर, असं सरकत सरकत आता मी स्वयंपाकी आहे. पण स्वभाव काही सरकला नाही. मला सारखी धास्ती असते. गॅस बंद केला का, कडी लावली का, शेठ आज गप्प का, माझं काही चुकलं का. कुणी थोडं बरं वागलं तर त्याचे पाय धरावेसे वाटतात, आणि त्याच वेळी वाटतं की हे किती दिवस टिकणार.

सुरुवातीला मी खानावळीच्या माळ्यावर झोपायचो. तेव्हा आबा डबा न्यायला यायचे. त्यांच्या घरी काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पाय मोडला होता, चुलीपाशी उभं राहता येत नव्हतं. आबा म्हणजे माझ्या नात्यातले नव्हेत. सगळी हयात बोटीवर, इंजिनखान्यात काढलेला माणूस. आवाज मोठा, कारण इंजिनापुढं बोलायची सवय. एकदा डब्याची वाट बघत उभे असताना त्यांनी विचारलं, "राहतोस कुठं रे?"

मी वर बोट केलं.

"वर देव राहतो. तू कुठं राहतोस?"

"माळ्यावर, आबा."

"पत्र्याखाली? मे महिन्यात भाजून निघशील, मेल्या. आमची खालची खोली रिकामी आहे. ये बघून."

शहर संपून आरे-वारेचा रस्ता लागतो, त्या बाजूला उतारावर त्यांचं चिऱ्याचं घर. वर पडवी, माजघर. पडवीच्या खाली, उताराच्या अंगाला एक खोली, तिला वेगळं दार. दारासमोर विहीर, विहिरीपलीकडं काजू. भाडं नावाला. पहिल्या आठवड्यात मी इतका जपून वावरलो की काकी वरून ओरडल्या, "अरे, आहेस ना खाली? की गेलास? पायाचासुद्धा आवाज नाय तुझ्या!" मला ताप आला तेव्हा त्या मोडका पाय घेऊन पायऱ्या उतरून पेज घेऊन आल्या होत्या. हे मी आजही विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

माशांची टाकी त्यांच्या पडवीतच होती. मुंबईला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, कुणीतरी सांगितलं म्हणून वास्तूसाठी आणलेली. तिच्यात डोक्यावर टेंगूळ असलेला एक मोठा मासा एकटाच असायचा म्हणे. दुसरा कुठलाही मासा सोडला की मारून टाकायचा. मग तो स्वतःही मेला. तेव्हापासून काकी त्या टाकीत सुकवलेली आमसुलं ठेवायच्या.

मी एकदा ती काच हातानं पुसत होतो, तर आबा म्हणाले, "हवी काय तुला? ने. तुझीच समज."

आमसुलांचा आंबट वास जायला किती वेळा धुतली असेल ती टाकी! साबण लावायचा नाही, असं बाजारातल्या मासेवाल्या पोरानं बजावलं होतं. माशांच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो मला मोठे, डौलदार मासे दाखवत होता. मी म्हणलं, "मला भांडणारे नकोत. जे एकमेकांना काही करत नाहीत असे दाखव."

"मग लहानच घ्या. गप्पी घ्या, निऑन घ्या. खाली तळाशी फिरायला कोरी घ्या. गरीब जात आहे."

त्यानं सांगितलं की मासे लगेच सोडायचे नाहीत. आधी पाणी बनू द्यायचं. फिल्टर चालू ठेवायचा, नुसतं पाणी फिरत ठेवायचं, काही आठवडे. त्या पाण्यात आणि फिल्टरच्या स्पंजात डोळ्याला न दिसणारं काहीतरी वसतं, तेच पुढं माशांची घाण पचवतं. स्पंज नळाखाली धुतला की ते सगळं मरतं. मी आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे रिकाम्या टाकीला तू रोज बघत बसणार?" मी खरंच बसायचो. रिकाम्या पाण्यापुढं बसूनही मला बरं वाटायचं. खानावळीतली सगळी धास्ती तिथं जरा खाली बसायची.

गप्पी मला इथं नीट झाले नाहीत. आणले ते हळूहळू मरगळायचे. पुढं कळलं की त्यांना जड पाणी लागतं, आमच्या गावाकडच्यासारखं, ज्यानं भांड्याला पांढरा थर धरतो. इथलं जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी अगदी मऊ. डाळ पटकन शिजते, पण अंगाला लावलेला साबण काही केल्या निघत नाही. निऑनना मात्र तेच पाणी मानवलं. निऑन म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर निळी रेघ आणि मागं अर्ध्या अंगाला लाल. एकटा-दुकटा ठेवला तर घाबरून रंग सोडतो, घोळक्यात असला की चमकतो. माझा तो घोळका डावीकडून उजवीकडं निघाला की सगळा एकदम वळायचा. तळाला मिशावाल्या कोरी वाळू हुंगत फिरायच्या.

आबा संध्याकाळी खाली यायला लागले. त्यांनी स्वतःची वेताची खुर्ची वरून आणून माझ्या खोलीत ठेवली. मी कामावरून आलो की ते तिथं असायचेच, कारण किल्ली वर असायची. चहा काकींकडून यायचा. आबा बघत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "जन्मभर पाण्यावर होतो, पण पाण्यात काय चाललंय ते कधी बघितलं नाय बघ." त्यांना खाऊ टाकायची फार हौस. चिमटीत जास्तच घ्यायचे. "आबा, पुरे," म्हणलं की लहान मुलासारखा हात मागं घ्यायचे.

एका पावसाळ्यात वादळानं खांब पडले आणि वीज गेली. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. माझा तर जीव गेला. आबा खाली आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "हवा पाहिजे ना? मग हातानं देऊ." पेला भरून घ्यायचा आणि उंचावरून टाकीत ओतायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचा. एकदा त्यांनी, एकदा मी. हात भरून आले की बदलायचो. ते बोटीवरच्या गोष्टी सांगत होते, इंजिन बंद पडलं की कसे पाळीपाळीनं पंप मारायचे ते. वीज दुसऱ्या दिवशी आली. एकही मासा गेला नव्हता. त्या दिवसापासून मी मनात ठरवून टाकलं की हे आता माझंच घर आहे. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण कुणी सांगितलं नाही असंही म्हणता येत नाही, कारण गणपतीत आबांनी सांगितलं होतं.

इकडं गणपती बसल्यावर, आरती झाली की घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. म्हणजे हातात नारळ घेऊन देवाशी मोठ्यानं बोलतो. ह्याला सांभाळ, त्याचं बरं कर, चूकभूल पोटात घाल. प्रत्येक वाक्य संपलं की मागं उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडं हे नाही. पहिल्या वर्षी मी दाराशी उभा राहून नुसता बघत होतो. मुंबईची माणसं झाली, पोरंबाळं झाली, गाई-गुरं झाली, आणि मग आबा म्हणाले, "आणि म्हाराजा, खालच्या खोलीत एक पोर आलाय. त्याचा मुलूख लांब आहे. त्याच्या पाठीशी उभा राहा." आणि ते घरभर माणसं, जी मला धड ओळखतही नव्हती, ती माझ्यासाठी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मी विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आलो.

तेव्हापासून दर वर्षी मी त्या वाक्याची वाट बघायचो. आणि दर वर्षी ते यायचं. मीही "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकलो. बाहेरचा माणूस शिकतो तेव्हा जरा जास्तच मोठ्यानं म्हणतो.

गाऱ्हाण्याचा आणखी एक उपयोग असतो, तोही मी तिथंच पाहिला. आबांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा काजूच्या एका झाडावरून वाद होता. झाड कुणाच्या हद्दीत, यावर बोलणं बंद झालेलं. गणपतीला चुलतभाऊ आला, आणि आबांनी गाऱ्हाण्यात घातलं, "म्हाराजा, कोपऱ्यावरचं ते झाड दोघांनी निम्मं निम्मं खावं अशी बुद्धी दे!" भाऊ बिचारा मागंच उभा. सगळ्यांबरोबर त्यालाही "व्हय म्हाराजा" म्हणावं लागलं. वाद तिथंच मिटला, कारण देवासमोर होय म्हणल्यावर पुन्हा काय भांडणार? काकी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला तर ती युक्ती एवढी आवडली की खानावळीत जाऊन सगळ्यांना रंगवून सांगितली. मावशी म्हणाल्या, "तुझा म्हातारा पोचलेला आहे हां, घाट्या."

या वर्षी मे महिन्यात दादा आला होता. एरवी तो आला की मासे वगैरे बघायला खाली उतरायचा नाही. या वेळी उतरला. "मस्त केलंयस रे," म्हणाला. मी खूश. त्यानंतर आबांचे प्रश्न वाढले. पाणी किती दिवसांनी बदलायचं? सगळं बदलायचं की थोडं? घरी कुणी नसलं तर किती दिवस उपाशी राहतात? स्पंज कसा पिळायचा? त्यांनी एक विचारलं की मी दहा सांगायचो. पाणी सगळं कधीच बदलायचं नाही आबा, चौथा हिस्सा काढायचा. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. पंचायतीनं विहिरीत जंतू मारायला टीसीएल पावडर टाकली की ते पाणी तसंच वापरायचं नाही, उघड्या बादलीत ठेवून द्यायचं. आबांनी एकदा माझ्यासमोर सगळं करूनही दाखवलं. त्यांचे ते जाडजूड हात टाकीत गेले तरी निऑन बुजले नाहीत. मला काय आनंद झाला होता! म्हणलं, या वयात माणसाला गोडी लागली.

मग गणपती आले. घर भरलं. आरती झाली. मी नेहमीप्रमाणे दाराशी, हात जोडून. आबांनी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी ही लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत."

"व्हय म्हाराजा!"

"जे मुंबईला आहेत त्यांचं बरं कर, जे हितं आहेत त्यांचं बरं कर."

"व्हय म्हाराजा!"

"दादानं जे काम मनात धरलंय ते विनासायास पार पडू दे. दारात पाहुण्यांची वर्दळ होऊ दे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि म्हाराजा, खालच्या खोलीत..."

एवढं ऐकलं आणि मी दारातून एक पाऊल पुढं सरकलो. दर वर्षी सरकतो तसा. आता माझं वाक्य.

"...खालच्या खोलीत जो आज राहतो, त्याला दुसरीकडं चांगला आसरा मिळवून दे. कुणाचं मन न दुखता खोली मोकळी होऊ दे."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. शब्द कानात गेले होते, पण डोक्यात पोचले नव्हते. तोंडाला सवय लागलेली, त्यानं आपलं काम केलं. मग एकेक शब्द आत उतरायला लागला. जो आज राहतो. दुसरीकडं. मोकळी. मी आबांच्या पाठीकडं बघितलं. ते पुढचं गाऱ्हाणं घालत होते, कुणाच्या तरी परीक्षेचं. काकी निरांजनाची वात उगाच पुढं करत होत्या. मान वर केली नाही त्यांनी.

प्रसाद घेताना दादानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "टेन्शन घेऊ नको रे. दिवाळीपर्यंत राहा आरामात. हल्ली या रस्त्याला सगळे होमस्टे करतायत, आपली एवढी चांगली खोली, विहीर, काजू... नुसतं भाड्यानं ठेवण्यात अर्थ नाय."

मी म्हणलं, "मला माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत? आणि तूच तर व्हय म्हाराजा म्हणालास! सगळ्यांत मोठ्यानं!" तो हसला. बाजूचे दोघं-तिघंही हसले. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. मीही हसलो. ते हसू कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्यानं फोन काढून जाहिरातीसाठी काढलेले फोटो दाखवले. खोली माझी होती, पण मला ओळखायला वेळ लागला. माझ्या खाटेवर काकींची ठेवणीतली चादर. माझी दोरी नाही, दोरीवरचे कपडे नाहीत, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी नाही, भिंतीवरचा आईचा फोटोही नाही. मी कामावर गेल्यावर सगळं काढलं असणार, आणि मी येण्याआधी जिथल्या तिथं परत ठेवलं असणार. माझी म्हणून त्या फोटोत एकच गोष्ट होती. मध्यभागी टाकी, दिवा लावलेला, आणि सगळे निऑन एका बाजूला वळलेले. आणि काचेत, नीट बघितलं तर, फोटो काढणाऱ्याच्या शेजारी आबा उभे दिसत होते. दिव्याच्या बटणावर हात ठेवून. मागं खिडकीतून काजूला बोंडं लागलेली दिसत होती. म्हणजे मे महिनाच.

"टाकीचं काय?" मी विचारलं.

"ती राहू दे की. आपलीच तर आहे. फोटोत लोकांना तीच आवडते. मासे पण असू देत, आबांना जमतं आता सगळं. त्यांनी शिकून घेतलंय."

मला वाटत होतं आबांना गोडी लागली. स्पंज कसा पिळायचा ते मी त्यांचे हात धरून शिकवलं होतं.

खोली जाणार याचं दुःख नव्हतं असं म्हणत नाही. पण खोली त्यांची, मुलाचा संसार त्यांचा, त्यांनी एका शब्दानं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी पेटी उचलली असती, वर पाया पडून गेलो असतो. मला आधी कळायला हवं होतं, एवढंच. मे महिन्यापासून गणपतीपर्यंत तो माणूस रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसत होता, चहा पीत होता, आणि सांगितलं कधी, तर घरभर माणसांत, देवाला. भाऊबंदकीचा वाद मिटवतात तसं मला मिटवलं.

खानावळीत सांगितलं तर मावशींनी विळीवरचा हात थांबवलासुद्धा नाही. "अरे, भाडेकरू तो भाडेकरू. पोर म्हणाले म्हणून सातबाऱ्यावर नाव चढतं काय, वेड्या?"

मला त्यांचा राग आला. सातबारा मागितला होता कुणी? पण जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "आमच्या आळीत, बंदराकडं, एक खोली आहे. लहान आहे. वास येईल मासळीचा, तो तुला चालतो. विचारू?"

मुंबईची माणसं गेल्यावर आबा खाली आले. वेताच्या खुर्चीत बसले.

"राग आलाय तुला," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"आलाय. मला तोंडावर सांगायला जीभ उचलली नाय रे. रोज यायचो आज सांगू म्हणून. देवासमोर सांगितलं की बरं असतं. मागं भांडण राहत नाय."

"आपलं भांडण कुठं होतं, आबा?"

सवयीनं त्यांचा हात खाऊच्या डबीकडं गेला. मी म्हणलं, "आत्ताच टाकलंय." हात मागं घेतला त्यांनी. पूर्वीसारखाच. मला त्या हाताची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला.

मी दिवाळीपर्यंत थांबलो नाही. मावशींनी खानावळीतली थर्माकोलची पेटी आणून दिली, जिच्यात बंदरावरून बर्फात घातलेले पापलेट येतात. "मेलेले आणतो, आता जिवंत ने," म्हणाल्या. साबण न लावता गरम पाण्यानं आणि मिठानं घासून ती मी उन्हात ठेवली. आळीतल्या नळाला औषध असतं, म्हणून विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. दुकानातून साधी काचेची टाकी आणून नव्या खोलीत लावून ठेवली. फिल्टर मी आणलेला होता, तो आणि त्यातला स्पंज माझाच. तो ओला ठेवून पिशवीत घातला. टाकी त्यांची होती, ती मी रिकामी करून, पुसून जागेवर ठेवली.

मी जाळीनं एकेक निऑन पेटीत घेत होतो तेव्हा आबा दारात उभे होते. रंग सगळ्यांचे उतरले होते, भीतीनं. आबा म्हणाले, "सगळे नेतोस?"

"हो."

"दोन ठेव रे. माझ्यासाठी. पाहुण्यांसाठी नाय म्हणत मी."

आतापर्यंत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मला नाही म्हणता येत नाही कुणालाच, हा माझा जुना रोग. पण मी म्हणलं, "दोन जगत नाहीत, आबा. तुम्हाला सांगितलंय मी."

"हां. सांगितलंयस," ते म्हणाले. त्यांना ते पाठ होतं.

रिक्षा वर रस्त्याला उभी होती. काकींनी पिशवी भरून दिली, आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि माझ्या हातात कोंबताना त्यांना बोलायचं होतं, पण "सांभाळून हो" एवढंच म्हणाल्या. पत्र्याची पेटी रिक्षावाल्यानं मागं टाकली. थर्माकोलची मी मांडीवर घेतली. पाणी आत डुचमळत होतं.

आबा रिक्षाच्या बाजूला आले, टोपी काढली, डोळे मिटले आणि हात जोडून तिथंच, रस्त्यावर, सुरू झाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "बा देवा म्हाराजा. हा पोर आज आमच्या घरातून दुसरीकडं निघालाय. आमचं काय चुकलं असेल ते त्याला पोटात घालू दे. जिथं जाईल तिथं त्याचं बरं कर. त्याच्या माशांचं बरं कर."

आणि ते थांबले. गाऱ्हाणं घालणारा तिथं थांबतोच. मागच्यांनी म्हणायचं असतं.

काकींनी तोंडाला पदर लावला होता. आबा डोळे मिटून उभे होते, कान माझ्याकडं. मला ते दोन शब्द ओठांपर्यंत आलेले कळत होते. पेटीच्या झाकणावर मी दोन्ही हात घट्ट धरले आणि गप्प राहिलो. आबांनी डोळे उघडले नाहीत. ते वाट बघत राहिले.

शेवटी रिक्षावाल्यानं, ज्याला आमचं काहीच माहीत नव्हतं, हँडलवरूनच मान वळवली, सवयीनं म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि रिक्षा चालू केली.